जानेवारीतली राखी

"जानेवारी महिन्यात राखी कुठं मिळती, साहेब?" शिपाईमामा दारातच उभे राहून म्हणाले. "अख्खी पेठ पालथी घातली. एक दुकानदार तर मला येडाच समजला."

प्राचार्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांच्यासमोर दिनकरआबा बसले होते, आमच्या गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. त्यांच्या शेजारी माझे अण्णा, गिरणी बंद करून तसेच उठून आलेले, भुवयांवर पीठ. भिंतीला टेकून धैर्यशील उभा होता, आबांचा पुतण्या. आणि कपाटाजवळ मी, नाकात कापसाचा बोळा.

"अहो, पूजेचा नाडा असंल की," आबा म्हणाले. "धाग्याला धागा. मनात भाव असला म्हंजे झालं."

गॅदरिंगच्या सरस्वतीपूजनातला लाल-पिवळा नाडा शोधून आणला गेला. हळदीकुंकवाचे डाग पडलेला. प्राचार्यांनी स्वतःच्या ड्रॉवरमधली कात्री दिली. धैर्यशीलनं हात पुढं केला. आदल्या दिवशी ज्या हातानं त्यानं माझं नाक फोडलं होतं, तोच उजवा हात. मी नाडा गुंडाळला आणि गाठ मारली.

"घट्ट मार," आबा म्हणाले.

मी आणखी एक गाठ मारली.

"आता कसं! पोलीस न्हाई, कोर्ट न्हाई, पेपरात नाव न्हाई. आजपास्नं ह्यो तुझा भाऊ, हर्षदा. भावाच्या नजरंनं बघायचं. आणि तू रं, धैर्या, बहिणीवर हात उचलायचा न्हाई."

"न्हाई उचलणार," धैर्यशील खाली मान घालून म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. ते नाटक नव्हतं, हे मी आजही सांगते. त्याला रडू पटकन यायचं, आणि मारल्यावर तर हटकून यायचं.

अण्णांनी सगळ्यांना हात जोडले. "लई उपकार झाले," म्हणाले. आणि मलाही हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू? मनात म्हटलं, सुटले गं बाई एकदाची. सतरा वर्षांची होते मी. आगीतून फुफाट्यात म्हणजे काय, ते अजून कळायचं होतं.

आमचं प्रेम होतं. तेही सांगते, नाहीतर लोकांना वाटतं की असला पोरगा पहिल्या दिवसापासून राक्षसच असतो. अकरावीला मी गावातून तालुक्याला एसटीनं जायला लागले. हा बारावीला, माझ्याच गाडीला असायचा. मला जागा धरून ठेवायचा. मला ताप आला होता तेव्हा आमच्या दारावरून दिवसभर सायकलवर येरझाऱ्या घालत होता. घरात बापाचा शब्द खाली पडला की पट्ट्यानं मार खायचा, हे त्यानं फक्त मला सांगितलं होतं. मी जीव टाकत होते त्याच्यावर.

पहिली थप्पड जर्नलवरून बसली. वर्गातल्या एका मुलाकडून मी केमिस्ट्रीचं जर्नल घेतलं होतं. मारलं आणि लगेच स्वतःच कडुलिंबाच्या खोडावर डोकं आपटायला लागला. रक्त आलं त्याच्या कपाळातून. मीच त्याचं डोकं धरलं, मीच ओढणीनं पुसलं, मीच म्हटलं, असू दे रे, एवढं काय त्यात. पुढच्या वेळी त्यानं डोकं आपटलं नाही.

मग ती जानेवारीतली गोष्ट. स्टँडमागच्या रसवंतीजवळ त्यानं मारायला आणि आमच्या इंग्रजीच्या मॅडमनी गाडीतून उतरायला एकच गाठ पडली. मॅडम बिचाऱ्या रीतसर प्राचार्यांकडं गेल्या. प्राचार्यांनी गावात निरोप धाडला, आबांनी मध्ये तोंड घातलं, आणि माझ्या फुटलेल्या नाकावर त्या नाड्याचा उतारा निघाला.

नाडा बांधून आम्ही खोलीबाहेर आलो. अण्णा आणि आबा पुढं चालले होते. धैर्यशील माझ्याजवळ आला आणि हसला.

"हे त्या म्हाताऱ्यांसाठी," मनगट दाखवून हळूच म्हणाला. "तू माझीच. आणि आता कुणाला सांगशील? भावाबद्दल असलं बोलती म्हणून तुझ्याच तोंडात शेण घालतील."

मी अण्णांच्या पाठीकडं बघत राहिले. ते आबांशी बोलत चालले होते.

आमच्या घरी त्याचं येणं-जाणं सुरू झालं. आधी तो मला चोरून भेटायचा, आता दारात गाडी लावून सरळ स्वयंपाकघरात यायला लागला. माझी आई भोळी. तिला मुलगा नव्हता. "भाऊ मिळाला माझ्या हर्षाला," म्हणून ती त्याच्यासाठी शेंगदाण्याचे लाडू डब्यात वेगळे काढून ठेवायची. आबा तर सभांमधून सांगत सुटले की, आमच्या गावात प्रेमप्रकरणाचं बहीण-भावाचं नातं करून दाखवलं. टाळ्या पडायच्या म्हणे.

मी क्लासला गेले की आणायला हा. माझा मोबाईल तपासायला हा. मी कुठल्या रंगाचा ड्रेस घालायचा ते सांगायला हा. आई म्हणायची, "काळजी हाय गं त्याला."

एकदा स्टँडवर त्यानं माझी वेणी धरून मला बाकड्यावरून उठवलं. का, तर कंडक्टरशी हसून बोलले. शेजारी ताक विकणारी एक बाई बसायची, तोंडानं फटकळ. ती तांब्या टाकून उठली.

"ए मुडद्या! पोरीच्या केसाला हात लावतोस? सोड आधी!"

"बहीण हाय माझी," धैर्यशील म्हणाला. त्यानं मनगट पुढं केलं. त्यावर नाडा होता, मळलेला.

बाई तिथंच थांबली. माझ्याकडं बघितलं. मी खाली मान घालून ओढणी सारखी केली.

"भाऊ हाय व्हय? मग ठीक हाय बाबा," म्हणून ती परत जाऊन बसली. वर मलाच म्हणाली, "भावाचं ऐकावं, पोरी. जग वाईट हाय."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हा. प्रियकर म्हणून मारत होता तेव्हा कुणीतरी मॅडम मध्ये पडली होती. भाऊ झाल्यावर कुणी पडेना.

आता अण्णांच्या गिरणीचं सांगायला पाहिजे. घराच्या पुढच्या अंगाला आमची पिठाची गिरणी. गिरणी चालू असली की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही. बायका दारातूनच ओठ हलवायच्या, 'ज्वारी', 'जरा बारीक', 'संध्याकाळी नेते', आणि अण्णा मान डोलवायचे. त्यांची कधी चूक व्हायची नाही. लहानपणापासून त्यांच्या हाताखाली वावरल्यानं मलाही ते जमायचं. आम्ही बाप-लेक आवाज न काढता अर्धा-अर्धा तास बोलायचो. आईला त्याचा राग यायचा, "काय मुक्यांचा बाजार मांडलाय," म्हणायची. अण्णा तसे कमी बोलणारे. गिरणी बंद असली की ते आणखीच कमी बोलायचे.

राखीपौर्णिमेला धैर्यशील दुकानातली खरी राखी घेऊन आला. मोठी, चमकीची. आईनं पाट मांडला, नारळीभात केला. मी राखी बांधली, ओवाळलं. मग तो परसात हात धुवायला म्हणून गेला आणि मला तांब्या घेऊन बोलावलं. बारावीनंतर मिरजेला नर्सिंगला जायचं माझ्या मनात आहे, हे त्याला माझ्या मैत्रिणीकडून कळलं होतं.

"मला न विचारता?" एवढंच म्हणाला, आणि माझा हात पाठीमागं पिरगाळून मला न्हाणीच्या भिंतीला दाबून धरलं. आत आई गाणं गुणगुणत भांडी लावत होती.

तो गेल्यावर मी गिरणीत गेले. सणाचा दिवस, पण शेजारच्या वाडीत दुसऱ्या दिवशी सप्त्याचं जेवण होतं, त्यांचं दळण अडलं म्हणून अण्णांनी दुपारी गिरणी सुरू केली होती. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्या आवाजात माझं बोलणं मलाच ऐकू येत नव्हतं, म्हणून धीर झाला असावा. सगळं बोलले. तो मारतो. रोज मारतो. तो भाऊ नाही, त्याच्या मनात बहीण-बिहीण काही नाही, तो मला 'माझीच' म्हणतो. मला वाचवा, अण्णा. शेवटचं वाक्य मी दोनदा म्हणाले.

अण्णा पिठाच्या धारेखाली हात धरून बसले होते. मधेच एकदा त्यांनी वर बघितलं. मग पुन्हा खाली बघून पीठ चिमटीत चोळलं, चाक थोडं आवळलं, आणि मला हातानं खूण केली, जा, आईला मदत कर.

मला वाटलं, त्यांचं लक्षच नव्हतं. दळणाची घाई होती. पुन्हा सांगायचं म्हणून मी संध्याकाळी गिरणी बंद व्हायची वाट बघितली. पण गिरणी बंद झाल्यावर सगळं इतकं शांत झालं, की माझ्या तोंडातून शब्द फुटेना.

नवरात्रात माझी करंगळी मोडली. देवळात वर्गातल्या एका मुलानं सगळ्यांना प्रसाद दिला, तसा मलाही दिला. धैर्यशीलनं ते बघितलं. देवळामागच्या चिंचेखाली त्यानं माझा डावा हात हातात घेतला, अगदी प्रेमानं, आणि विचारलं, "कुठल्या हातात घेतलास प्रसाद?" मी म्हटलं, उजव्या. "मग ह्याचा काय उपयोग?" म्हणाला आणि करंगळी उलटी वाकवत नेली. काडकन आवाज झाला. माझ्या आधी तोच घाबरला. मला मिठी मारून रडायला लागला.

घरी येऊन मी आईला सांगितलं, गिरणीच्या पट्ट्यात सापडली. दुसरं काय सुचणार गिरणीवाल्याच्या पोरीला? अण्णांनी मला मोटारसायकलवर बसवून हाडवैद्याकडं नेलं. वैद्यानं विचारलं, "कशानं?" मी तोंड उघडायच्या आत अण्णाच म्हणाले, "पट्ट्यात सापडली."

"पट्ट्यात?" म्हातारा वैद्य बोट चाचपत म्हणाला. "पट्ट्यात सापडली आणि कातडं फाटलं न्हाई? नशीबवान हाय पोरगी."

अण्णांनी खिशातून पैसे काढले. माझ्यावर आलेलं खोटं बोलणं त्यांनी स्वतःवर घेतलं, असं मला त्या दिवशी वाटलं. येताना त्यांनी मला स्टँडवर कुल्फी घेऊन दिली. लहान पोरीला देतात तशी, कागद सोलून. मला भरून आलं होतं.

बोट वेडंवाकडंच सांधलं गेलं. आजही ते सरळ होत नाही.

दिवाळीत नरकचतुर्दशीला आईनं मला अंघोळीला बसवलं. आमच्याकडं कितीही मोठी पोर असली तरी त्या दिवशी पाठीला तेल-उटणं आईच लावते. चुलीवर पाणी उकळत होतं. आईचा हात माझ्या पाठीवर फिरता फिरता थांबला.

"हे काय गं? हे वळ कसले?"

मी म्हटलं, "धैर्यशीलनं मारलं."

आईनं वाटीतल्या तेलात बोटं बुडवली. मग तेलाचा हात पुन्हा फिरायला लागला, वळांवरून जरा हलका.

"तू काय केलं हुतंस?"

"काही नाही."

"उगं कोण मारतं का? भाऊ हाय, रागावला आसंल. माझा थोरला भाऊ मला लाकडानं मारायचा." तिनं उटणं चोळलं. "पर एवढं मारू ने. मी बोलते त्याला, भाऊबीजेला येईल तवा."

ती बोलली. तो आल्या आल्या, हसतच, "जरा दमानं घे रं बाबा," एवढंच.

भाऊबीजेच्या दिवशी गिरणीला सुट्टी. अण्णांनी सकाळीच छिन्नीसारख्या टाकीनं दगडांना खाचा पाडून गिरणी झाडून ठेवली होती. अख्ख्या आळीत शांत होतं, पोरांच्या टिकल्यांचा आवाज तेवढा अधूनमधून यायचा. धैर्यशील नवा शर्ट घालून आला. सोबत दिनकरआबा, फराळाला. आईसाठी साडी आणली होती त्यानं.

"काकू," तो आईला म्हणाला, "ओवाळून झालं की हर्षाला चार दिवस आमच्याकडं नेतो. भाऊबीजेला बहिणीनं भावाच्या घरी जायचं आसतं न्हवं? आई वाट बघतीया."

"अगंबाई! नेस की!" आईचा चेहरा उजळला. "हक्काचं माहेर मिळालं पोरीला. हर्षा, दोन ड्रेस भर पिशवीत."

त्यांचं घर गावापासून लांब, मळ्यात. आजूबाजूला दुसरं घर नाही. मी पिशवी शोधायला पडवीत गेले तर तो मागोमाग आला.

"आई-बाप तुळजापूरला गेल्यात," माझ्या कानाशी म्हणाला. "तुझ्या आईला ठाऊक न्हाई. चार दिवस. मग बघू मिरजेला कोण जातंय."

आणि तो शांतपणे जाऊन पाटावर बसला. डोक्यावर टोपी, पुढं रांगोळी.

पिशवी हातात घेऊन मी उभी होते आणि मला एकच गोष्ट दिसत होती, की माझे आई-बाप मला स्वतःच्या हातानं त्याच्या गाडीवर बसवून देणार. हळदकुंकू लावून. वर डब्यात चकल्या देणार. आज बोलले नाही, तर त्या मळ्यातून मी धड परत येणार नाही. आणि बोलले, तर काय म्हणतील तेही माहीत होतं.

"हर्षा, ये गं. निरांजन लावलंय," आईनं हाक मारली.

मी तबक उचललं. दोन पावलं गेले आणि तबक खाली ठेवलं.

"मी ओवाळणार नाही."

"काय?" आई म्हणाली.

"मी ओवाळणार नाही, आणि त्याच्याबरोबर जाणारही नाही. तो माझा भाऊ नाही. त्या नाड्यानं कुणी भाऊ होत नाही, आई. आधी तो चोरून मारायचा, तुम्ही सगळ्यांनी त्याला घरात बसून मारायची सोय करून दिलीत. ही करंगळी पट्ट्यात नाही सापडली. ह्यानं मोडली."

आबांच्या हातातला लाडू हातातच राहिला. "पोरी, सणाच्या दिवशी जीभ आवर. राखी बांधल्याल्या भावावर आळ घेतीस?"

"काकू," धैर्यशील म्हणाला. जागचा हललासुद्धा नाही. आवाज एकदम सालस. "एक-दोन बाऱ्या हात उचलला असंल मी. कंडक्टरबरोबर खिदळती, पोरांच्या हातनं खाती. उद्या तोंड काळं केलं तर तुमचंच नाव जाईल. भावाला एवढाबी अधिकार न्हाई का?"

आईनं माझ्याकडं बघितलं. तिला त्याचं पटत होतं, हे मला दिसत होतं. तिचा काय दोष? तिला जन्मभर तेच शिकवलं होतं.

"भावानं 'तू माझीच' म्हणायचं असतं का गं आई?" माझा आवाज फाटला. "आणि तुझी आई कुठं वाट बघतीय रे? मळ्यात की तुळजापुरात?"

पाटावर बसलेला धैर्यशील पहिल्यांदा चुळबुळला.

"शी!" आबा उठून उभे राहिले. "भावाबद्दल असलं बोलती! ऐकणाऱ्याच्या कानाला इटाळ. ज्ञानू, अरं तू बोल. लेक तुझी हाय. का तिच्या जिभेला हाडच न्हाई?"

सगळ्यांनी अण्णांकडं बघितलं. ते गिरणीच्या दाराच्या चौकटीत बसले होते. टाकी अजून हातात होती, तिचं टोक ते अंगठ्यानं चाचपत होते. मी मनातून सगळं सोडून दिलं होतं. जो माणूस गिरणी बंद असताना दिवसाला दहा शब्द बोलत नाही, तो आज काय बोलणार?

"खरं बोलतीया ती," अण्णा म्हणाले.

"तुला काय म्हाईत?"

"तिनं सांगितलं हुतं मला."

"कवा?"

"राखीपौर्णिमेला. हितंच, गिरणीत." त्यांनी टाकी खाली ठेवली. "मारतो म्हणाली. भाऊ न्हाई म्हणाली. मला वाचवा म्हणाली, दोन बाऱ्या."

मला वाटलं, माझ्या कानात काहीतरी झालंय.

"गिरणी चालू होती, अण्णा," मी म्हणाले.

"तुझं तोंड दिसत हुतं की," अण्णा म्हणाले. माझ्याकडं न बघता.

मग ते उठले. पाटाजवळ गेले आणि पायानं रांगोळी पुसली. "ऊठ रं," धैर्यशीलला म्हणाले. तो उठेना, तेव्हा त्याचा दंड धरून उठवला. पोत्यांनी घडवलेला हात होता अण्णांचा, धैर्यशील लहान पोरासारखा उभा राहिला. "पुन्यांदा ह्या दारात आलास तर तंगड्या मोडून हातात देईन. आबा, तुमीबी उठा. लाडू घिऊन जावा."

"ज्ञानू, गावाच्या इरोधात जातूस?" आबा ओरडले.

"जातू," अण्णा म्हणाले.

आई भिंतीला धरून खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. बाहेर गाडीला किक बसली. शेजारच्या बायका कठड्याशी जमल्या होत्या. मी सुटले होते. या वेळी खरंच सुटले होते, आणि माझं लक्ष मात्र माझ्या करंगळीकडं होतं.

राखीपौर्णिमा श्रावणात. करंगळी मोडली नवरात्रात.

दुसऱ्या दिवशी अण्णा मला घेऊन तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेले. तक्रार दिली, अंगठा नव्हे, सही केली, जोर देऊन. धैर्यशीलला त्याच्या बापानं पुण्याला मामाकडं धाडलं. गावानं मात्र मला सोडलं नाही. 'भावाला नासवायला निघाली हुती' इथपासून ते जे बोलवत नाही तिथपर्यंत. आमच्या गिरणीवर दळण यायचं कमी झालं. अण्णांनी एका शब्दानं कुरकुर केली नाही. बारावी झाल्यावर मला मिरजेला पोहोचवायला तेच आले, पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेऊन.

त्यांना मी एकदाच विचारलं. ट्रंक खाली ठेवून ते वसतिगृहाच्या पायरीवर घाम पुसत बसले होते.

"अण्णा, तेव्हाच का नाही बोललात?"

त्यांनी ट्रंकेची कडी उगाच लावून बघितली.

"गावापुढं हात जोडून मिटलं म्हणालो हुतो गं," म्हणाले. "वाटलं, मिटंल आपोआप."

"आणि हाडवैद्याकडं?"

ते उठले. "गाडी चुकंल माझी," म्हणाले, आणि गेले.

त्यानंतर आमच्यात तो विषय कधी निघाला नाही. मी नर्स झाले, मिरजेतच नोकरीला लागले, लग्न केलं. नवरा चांगला आहे, आवाज चढवत नाही. तरी माझा डावा हात त्यानं अचानक धरला की मी अजून दचकते. अण्णा सणावाराला यायचे, माझ्या पोरांना खांद्यावर घ्यायचे. मी त्यांना वाढायचे, त्यांचं पथ्य सांभाळायचे. लोक म्हणायचे, बापावर किती माया आहे पोरीची. होतीच माया. पण माया होती म्हणून ते गिळता आलं नाही. धैर्यशीलनं बोट मोडलं ते दुखायचं थांबलं. मला वाचवा म्हणाले, त्यांनी वर बघितलं, आणि मग पीठ चिमटीत धरून चोळलं, ते काही थांबलं नाही.

मागच्या वर्षी अण्णा आमच्याच दवाखान्यात होते. फुफ्फुसात तीस-चाळीस वर्षांचं पीठ. घशात नळी घातली होती, त्यामुळं आवाज निघत नव्हता. दुपारी मी ड्युटी संपवून त्यांच्या खाटेशी बसले होते. यंत्राची घरघर चालू होती. त्यांनी डोळे उघडले, माझा डावा हात धरला आणि करंगळीवरून अंगठा फिरवला. मग त्यांचे ओठ हलायला लागले. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, गिरणीत बोलायचे तसे. त्यांनी ते दोनदा म्हटलं.

पलीकडं सलाईन लावणारी नवी सिस्टर जवळ आली. "ताई, बाबा काहीतरी सांगतायत तुम्हाला. काय म्हणतायत?"

अण्णा माझ्या तोंडाकडं बघत होते.

"काय माहीत," मी म्हणाले आणि त्यांचं पांघरूण सारखं केलं. "मला काही कळलं नाही."